कपाटातली शाब्बासकी

कातरखडीच्या शाळेत मी पोचले तेव्हा मुलं सतराचा पाढा म्हणत होती आणि कोपऱ्यातलं लोखंडी कपाट त्यांना शाब्बासकी देत होतं.

आधी मला भास वाटला. पण मुलं थांबली तरी कपाट थांबलं नाही. आतून दबका, गोड आवाज आला, "छान उत्तर दिलंस. आता थोडा अवघड प्रश्न विचारू?" त्यावर तितक्याच गोड आवाजात कुणीतरी म्हणालं, "हो, विचार."

"वन्सं," मी म्हटलं, "तुमचं कपाट बोलतंय."

"बोलू दे. मधल्या सुट्टीपर्यंत बोलतं, मग गप्प होतं." वन्संनी फळ्याकडून मान वळवली नाही. "बस त्या खुर्चीवर. डावीकडे रेलू नकोस, पाय मोडलाय तिचा."

रूपाली माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. आता वन्सं कुणी म्हणत नाही. लग्नानंतर मी चेष्टेनं म्हणायला सुरुवात केली आणि तेच राहिलं. बावीस वर्षं ती खरसुली तालुक्यातल्या एकशिक्षकी शाळांवर आहे. मी राज्य अध्ययन मूल्यमापन केंद्रात संख्याशास्त्रज्ञ. तिच्या शाळेत मी घरच्या नात्यानं नव्हे, कामासाठी आले होते. 'सवंगडी' या यंत्राचा परिणाम राज्यात सर्वांत जास्त कुठे दिसला, तर कातरखडीत. पंधरवड्यानं इथल्या मैदानात मंत्र्यांच्या हस्ते सवंगडी राज्यभर न्यायची मोठी घोषणा व्हायची होती आणि त्याआधी कुणीतरी शाळा डोळ्यांनी पाहून यावं असा नियम होता.

सवंगडी म्हणजे तळहातावर मावणारी नारिंगी डबी. तिला पडदा नाही. पडद्यांना पालक कंटाळले होते. ती मुलाला प्रश्न विचारते, उत्तर ऐकते आणि पुढचा प्रश्न त्या उत्तराच्या बेतानं सोपा किंवा अवघड करते. प्रयोगातल्या शाळांत प्रत्येक मुलामागे एक डबी. सगळं संभाषण मजकूर होऊन आमच्या केंद्रात येतं. सर्वांत जास्त संभाषण कातरखडीतून येत होतं.

"कपाट उघडा," मी म्हटलं.

वन्संनी कमरेची किल्ली काढली. आत तीन फळ्यांवर डब्या ओळीनं मांडलेल्या होत्या, प्लास्टिकच्या वेष्टनासकट. पाठीमागच्या पत्र्याला भोक पाडून चार्जिंगची वायर आत घेतली होती. प्रत्येक डबीवर हिरवा दिवा होता. वरच्या फळीवरच्या डबीनं विचारलं, "एका टोपलीत चोवीस आंबे, तर सहा टोपल्यांत किती?" खालच्या फळीवरून लगेच उत्तर आलं. मग तिघी-चौघींनी एकदम शाब्बास म्हटलं.

"वन्सं, ही यंत्रं मुलांना द्यायची होती."

"आदेश वाच. 'सर्व यंत्रे शालेय वेळेत दोन तास चालू स्थितीत ठेवावीत.' चालू आहेत. पुढचं कलम, 'यंत्र हरवल्यास वा फुटल्यास मुख्याध्यापक व्यक्तिशः जबाबदार.' एकही फुटलेलं नाही. मागच्या खेपेला टॅब आले होते तेव्हा एकाची काच तडकली, तर मी वर्षभर चौकशीच्या खेपा घातल्या. त्यावेळी इथं कोण शिकवत होतं? कुणी नाही."

"पण मुलांच्या हातात..."

"तसं कुठं लिहिलंय?"

एक मुलगी हात वर करून उभी राहिली. "बाई, बाहेर जाऊ का?"

"जा. पळत जाऊ नकोस, तनुजा."

मी त्या डब्यांकडे बघत राहिले. त्या एकमेकींशी बोलत होत्या, एकमेकींची उत्तरं ऐकून प्रश्न अवघड करत होत्या, आणि वर्षभर आम्ही त्या मजकुराला कातरखडीच्या मुलांची प्रगती म्हणत होतो. पण मुलांची परीक्षा मात्र खरी झाली होती. ती बाहेरच्या लोकांनी येऊन कागदावर घेतली होती. तिथंही कातरखडी पहिली होती.

*

हे कसं शक्य होतं ते कळायला केंद्राची 'जुळं' नावाची पद्धत समजून घ्यावी लागते.

एखाद्या औषधानं ताप उतरला का, हे एका माणसाकडे बघून सांगता येत नाही, कारण ताप आपोआपही उतरतो. औषध न घेता त्याच माणसाचं काय झालं असतं ते कळायला हवं, आणि ते कधीच कळत नाही. माणूस एकच असतो. म्हणून आमच्या शास्त्रानं शंभर वर्षांपूर्वी एक साधी युक्ती शोधली. पुष्कळ माणसं घ्यायची, चिठ्ठ्या टाकायच्या, निम्म्यांना औषध द्यायचं, निम्म्यांना नाही. चिठ्ठी श्रीमंत-गरीब बघत नाही, हुशार-मठ्ठ बघत नाही. आपण जे मोजलं ते आणि जे मोजायचं आपल्याला सुचलंही नाही ते, दोन्ही ती दोन्ही बाजूंना जवळजवळ सारखं वाटून टाकते. मग उरलेला फरक औषधाचा.

जुळ्यानं ही युक्ती निकालात काढली होती. प्रत्येक मुलाची पाच वर्षांची माहिती घ्यायची, म्हणजे आईबापांचं शिक्षण, गाव, वजन, हजेरी, मागचे गुण. आणि यंत्राशिवाय त्याला किती गुण मिळाले असते याचं गणिती भाकीत करायचं. ते भाकीत म्हणजे त्या मुलाचं जुळं. खऱ्या मुलाला त्रेसष्ट, जुळ्याला एक्केचाळीस, तर बावीस गुण सवंगडीचे. कुणालाही यंत्रावाचून ठेवायला नको, चिठ्ठ्या नकोत, वर्षभर थांबणं नको. प्रयोगातल्या सगळ्या शाळांची सरासरी वाढ अकरा गुणांची होती. कातरखडीची बावीस.

आणि कातरखडीच्या डब्यांना मुलांचा हात लागलेला नव्हता.

जुळ्याला सगळं ठाऊक होतं. वर्गात बाई कशा शिकवतात एवढंच ठाऊक नव्हतं. ज्या वर्षांची आकडेवारी त्याला शिकवली होती त्या वर्षांत तालुक्यातल्या निम्म्या शाळांवर शिक्षकच नव्हते. म्हणजे जुळं ज्या शाळेत शिकलं त्या शाळेत बाई नव्हत्या.

*

वन्संच्या घरी जेवताना मी हे सांगितलं. तिनं माझ्या पानात आमटी वाढली आणि सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे मी शिकवलं आणि नाव डबीचं झालं."

"तसं दिसतंय."

"तसं दिसतंय काय? तसं आहे." ती उठली आणि फळीवरच्या डब्याखालून दोन कागद काढून माझ्यापुढे ठेवले. "एकाच दिवशी आले. हे अभिनंदनाचं. हे समायोजनाचं."

यंत्राचा परिणाम जिथे सर्वांत जास्त तिथल्या एकशिक्षकी शाळांमधले शिक्षक आधी काढायचे, असं दुसऱ्या कागदात होतं. मुलं, डब्या आणि देखरेखीला एक मदतनीस एवढं पुरेल. शिक्षकांचं मोठ्या शाळांवर 'समायोजन' होईल. हा शब्द आमच्याकडेही आहे. आमच्या शास्त्रात समायोजन म्हणजे दोन गटांमधला मुळातला फरक हिशेबातून काढणं. खात्यात समायोजन म्हणजे शिक्षकाला हिशेबातून काढणं.

"मी जितकं चांगलं शिकवीन तितकी मी लवकर जाणार," वन्सं म्हणाली. "गंमत आहे की नाही?"

"मी हे केंद्रात सांगते."

"सांग. पण कातरखडीचं नाव घ्यायचं नाही. समायोजन झालं तर निदान नोकरी राहील. कपाट कळलं तर निलंबन. आणि मी एकटी नाही, प्रणिता. तुला काय वाटलं, कपाट फक्त माझ्याकडेच आहे?"

मी तिला शब्द दिला.

*

कपाटं किती आहेत हे मला नावं न विचारता शोधायचं होतं. परतीच्या प्रवासात मला तनुजा आठवली. जिथे मुलं असतात तिथे कुणीतरी दर थोड्या वेळानं 'बाहेर जाऊ का' विचारतं. डबीच्या कानावर ते पडतंच. प्रयोगातल्या सगळ्या शाळांच्या मजकुरात मी ते एक वाक्य शोधलं. जवळजवळ दर नवव्या शाळेत ते वर्षभरात एकदाही आलं नव्हतं. त्या शाळांत कुणालाही कधीच लघवीला लागली नव्हती आणि कुणाचंही उत्तर कधी चुकलं नव्हतं.

मग मी त्या शाळांची वाढ काढली. साडेअकरा गुण. बाकीच्या शाळांची अकरा.

संचालक डॉ. अभिजित शेणोलीकर यांनी माझा आलेख बराच वेळ पाहिला. ते वाईट माणूस नाहीत. केंद्रात मला त्यांनीच घेतलं होतं.

"कोणत्या शाळा आहेत या?"

"ते मी सांगणार नाही. कशावरून शोधल्या तेही नाही. शिक्षकांवर कारवाई होईल."

"मग हा पुरावा कसला? आणि नावं दिलीस तरी काय? या शाळांनी यंत्रं स्वतःहून मुलांना दिली नाहीत. त्या मुळातच वेगळ्या असतील. कदाचित कडक शिस्तीच्या, चांगल्या शिक्षकांच्या. चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या नाहीत. हे मी तुला शिकवायचं का?"

"नाही सर. बरोबर आहे तुमचं. म्हणूनच चिठ्ठ्या टाका म्हणते. निम्म्या शाळांना एक वर्ष यंत्र, निम्म्यांना नाही. शिक्षक दोन्हीकडे राहतील. मुलागणिक चिठ्ठी नको, शाळेगणिक हवी. एका घरातली भावंडं डबी वाटून घेतील. शाळा पुरेशा घेतल्या तर अकरा गुण खरे असतील तर दिसतील. लपणार नाहीत."

"आणि निम्म्या मुलांना वर्षभर वंचित ठेवायचं? मंत्र्यांपुढे जाऊन तू सांगशील हे?"

"वंचित ठेवणं म्हणजे उपयोगाची वस्तू न देणं. ही उपयोगाची आहे की नाही, हेच आपल्याला माहीत नाही."

ते खिडकीपाशी गेले. "प्रणिता, राज्याला शिक्षक मिळत नाहीयेत. जाहिरात काढतो, कुणी येत नाही. मी वर्षभर चिठ्ठ्यांचा खेळ करत बसलो तर ज्या शाळेत आज कुणीच नाही तिथल्या मुलांना मी काय उत्तर देऊ?"

"जिथे कुणीच नाही तिथे डब्या आजच पाठवा. मी कुठे अडवतेय? तुम्ही तर जिथे बाई आहेत तिथून बाई काढताय."

ते खुर्चीवर परत येऊन बसले. मग वेगळ्या आवाजात म्हणाले, "तुझी नणंद कातरखडीला आहे ना? तालुक्याच्या गावी चांगली शाळा देता येईल. घराजवळ."

"ते तिला विचारा. माझी सही त्यात धरू नका."

सवंगडीची पद्धत तपासायचं काम माझ्याकडे होतं, त्यामुळे माझ्या सहीवाचून घोषणा होऊ शकत नव्हती. काही वर्षांपूर्वी एक मोठी योजना बुडाली तेव्हापासून नियम आहे. कोणताही प्रयोग राज्यभर न्यायचा तर ज्यानं त्याची पद्धत तपासली त्यानं स्वतः गावात, पालकांसमोर, साध्या मराठीत प्रमाणपत्र वाचायचं. नकार असेल तर तोही तिथेच आणि कारणासह. कारण पटण्याजोगं नसेल तर दुसरा तपासनीस नेमायचा. शेणोलीकर सरांनी दुसरा तपासनीस सोबतच आणला.

*

मैदानात मांडव होता. मंत्र्यांना उशीर झाला होता आणि त्यांनी पुढे सुरू करायला सांगितलं होतं. पालक सतरंज्यांवर बसले होते. वन्सं मुलांच्या रांगेमागे उभी होती. नवी साडी, कमरेला किल्ली.

मी कागद उघडला. "सवंगडी यंत्रामुळे मुलांचे गुण वाढले, असं मी प्रमाणित करू शकत नाही."

मांडवात कुजबुज झाली. मी पुढे वाचलं. तुमच्या मुलांची तुलना खऱ्या मुलांशी झालेली नाही. ती गणितानं बनवलेल्या मुलांशी झाली आहे. त्या बनवलेल्या मुलांना बाई नव्हत्या. तुमच्या मुलांना आहेत. फरक बाईंचा की डबीचा, हे या पद्धतीनं सांगता येत नाही. जिथे मुलांनी डबी वापरलीच नाही अशा शाळांतही तितकीच वाढ दिसते.

शेणोलीकर सरांनी ध्वनिक्षेपक घेतला. "अशी एक तरी शाळा आहे का? डॉक्टर कुंभोजकरांनी नाव सांगावं. नाव नसेल तर हे कारण धरता येणार नाही."

मी कागदाची घडी घातली. शब्द दिलेला होता. तपासनिसानं पेनाचं टोपण काढलं. पुढच्या रांगेतली एक बाई, तनुजाची आई सिंधूबाई, मला म्हणाली, "सांगा की ओ. का गप बसलाय?"

मी नकारार्थी मान हलवली. सरांकडे बघून म्हटलं, "सही करणार नाही. नावही सांगणार नाही. दोन्हीचं जे होईल ते माझं होऊ दे."

तेव्हा मुलांच्या रांगेमागून वन्सं निघाली. माझ्याकडे तिनं पाहिलं नाही. ती वर्गात गेली आणि कपाटाचं दार तिनं इतक्या जोरात उघडलं की मांडवापर्यंत आवाज आला. मग दोन्ही हातांवर कपाटाची मधली फळी आडवी धरून ती दारात आली. फळीवर पाच-सहा डब्या होत्या, वेष्टनात, हिरव्या दिव्यांच्या. शाळेची वेळ होती, त्यामुळे आदेशाप्रमाणे त्या चालू होत्या.

"एका तासात गाडी साठ किलोमीटर जाते," एक डबी म्हणाली.

"तर अडीच तासांत दीडशे," दुसरी म्हणाली.

"शाब्बास," बाकीच्या म्हणाल्या.

मांडव हसला. हसणं थांबायला वेळ लागला. सिंधूबाई उभी राहिली. "म्हंजी आमच्या तनीला शिकवलं ते ह्या कपाटानं व्हय?"

"नाही," वन्सं म्हणाली. "कपाटाला कपाटानं शिकवलं. तनीला मी शिकवलं. ज्याला लिहून घ्यायचंय त्यानं घ्यावं. रूपाली कुंभोजकर, कातरखडी."

तपासनिसानं पेनाला टोपण लावलं.

*

मंत्री आले नाहीत. वन्संला कारणे दाखवा नोटीस आली, मलाही. तिनं उत्तरात एवढंच लिहिलं की 'मुलांच्या हाती' हे शब्द आदेशात नव्हते. तिला ताकीद मिळाली. माझी बढती थांबली. समायोजन वर्षभर पुढे गेलं आणि चिठ्ठ्या टाकून चाचणी घेण्याचा आदेश निघाला. तो शेणोलीकर सरांच्याच सहीनं निघाला, हे सांगायला हवं.

सोडत तालुक्याच्या सभागृहात काढली. मोजणी कशी करायची, कोणता आकडा निर्णायक धरायचा, हे सगळं आधी लिहून जाहीर लावलं. निकाल आल्यावर सोयीचा आकडा निवडायची वाट कुणालाच ठेवायची नव्हती. मलासुद्धा. एका सरपंचानं विचारलं, "मॅडम, शाळांचा जुगार खेळता काय?"

"जुगारात पत्ता उचलणाऱ्याला जिंकायचं असतं," मी म्हटलं. "इथं चिठ्ठी उचलणाऱ्याला काहीच नको असतं."

कातरखडीची चिठ्ठी सवंगडीच्या बाजूला आली. सभागृहात कुणीतरी हसलं. वन्संनी नुसते ओठ आवळले.

पहिल्या दिवशी मी तिथे होते. या वेळच्या आदेशात 'मुलांच्या हाती' असं स्वच्छ लिहिलं होतं. ते वाक्य मीच घातलं होतं. वन्सं वेष्टनं कात्रीनं कापत होती.

"आणि डबीनं खरंच अकरा गुण वाढवले तर?" तिनं विचारलं.

"तर तेही मी याच मैदानात वाचीन. याच आवाजात."

"माझ्या जागी मदतनीस आला तरी?"

"डबी तुमच्या जागी चालेल का, हा प्रश्न या चाचणीत विचारलेलाच नाही. कुणी तसा अर्थ काढला तर त्याच्याशी भांडीन. पण आकडा बदलणार नाही."

"ठाऊक आहे," वन्सं म्हणाली. "तू आकडा बदलणारी असतीस तर मी कपाट उघडलंच नसतं." मग तिनं मुलांकडे वळून आवाज चढवला. "एकेकानं या. ढकलाढकली नको. फुटली तर माझी जबाबदारी, पण फोडू नका."

तनुजा सर्वांत पुढे होती. तिनं डबी दोन्ही हातांत धरली आणि हिरव्या दिव्याकडे निरखून पाहिलं. डबी वर्षभर कपाटात राहिलेली. तिला तिथल्याच उत्तरांची सवय.

"शाब्बास," डबी म्हणाली. "अगदी बरोबर उत्तर."

तनुजानं ती कानापासून दूर धरली.

"थांब जरा," ती म्हणाली. "मी अजून काही बोललेच नाही."